झांस्करच्या घळीत बॅचेस नेणाऱ्या आयोजकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात चादर ट्रेक, म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झांस्कर नदीवरची पायपीट, नेणाऱ्या सर्व संस्था, क्लब, ग्रुप आणि ट्रेक लीडर यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एकच जाहिरात मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. निळसर बर्फ, दोन्ही अंगांना तांबडे-करडे कडे आणि मधोमध भगवा. खाली मजकूर: यंदाची शिवजयंती झांस्करच्या बर्फावर, शंभर जणांची एकच बॅच, हिमालयातलं अस्सल बॅकपॅकिंग, बॅग ऑफलोड करण्याची सोय, रोज रात्री कॅम्पफायर, स्पीकरवर पोवाडे, शेवटी प्रमाणपत्र आणि टी-शर्ट. जाहिरात कुणाची, ते मी इथे लिहिणार नाही. नाव घेतलं तर बाकीचे सगळे सुटकेचा श्वास टाकतील, आणि त्यातली एकेक ओळ तर तुमच्यापैकी बहुतेकांच्या पत्रकात मी कधी ना कधी वाचलेली आहे.

मी नाशिकची, वय चोपन्न, पेशाने भूलतज्ज्ञ. अकरावीत हरिहरच्या पायऱ्या चढले तेव्हापासून डोंगर सुटलेला नाही. झांस्करच्या घळीत मी दोनदा चाललेय. एकदा २००९ साली दोन मैत्रिणींबरोबर, आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी भाचीबरोबर, तुमच्यापैकीच एकांच्या बॅचमधून, पूर्ण पैसे भरून. या दोन फेऱ्यांत जे बदललं त्यात नदीचा दोष थोडा आहे. बाकीच्याबद्दल बोलायचंय.

पहिल्या फेरीचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढची तक्रार कळणार नाही. लेहमध्ये ओळखीतून दोन झांस्करी भाऊ मिळाले. लडाखीत थोरल्या भावाला आचो म्हणतात, आदराने मागे ‘ले’ लावतात, म्हणून आम्ही दोघांनाही आचो-लेच म्हणायचो. थोरला पुढे, हातात काठी. प्रत्येक दहा-बारा पावलांवर काठी बर्फावर आपटायची, कान द्यायचा, मग पाय टाकायचा. भरीव आवाज आला तर चला, पोकळ आला तर थांबा. इतकं आम्हालाही दोन दिवसांत समजलं. त्यापलीकडचं त्याला काय ऐकू यायचं ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “आज नहीं.” का, ते विचारल्यावर त्याने वर बोट केलं. रात्रभर ढग होते, एवढंच. आम्ही दीड दिवस गुहेत बसून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या वळणावरची जवळजवळ एका बोळाएवढी पट्टी आवाज करत खचली आणि वाहून गेली. ती पट्टी आमच्या वाटेवर होती.

त्याच गुहेपुढून त्या दिवशी, पाणी उतरल्यावर, एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेला. लेहच्या शाळेत सोडायला. तिच्या पाठीवर दप्तर नव्हतं, त्साम्पाची, म्हणजे भाजलेल्या सातूच्या पिठाची, पिशवी होती. तिने आम्हाला ‘जुले’ केलं आणि आमच्या महागड्या जॅकेटांकडे बघून हसली.

आता ही जागा काय आहे ते पत्रकात कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लडाख हे वाळवंट आहे. लेहला वर्षभरात मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीला आषाढात तेवढा एका दिवसात पडून जातो. या वाळवंटातून स्तोद आणि त्साराप या नद्या येतात, पदुम गावाजवळ एक होतात आणि झांस्कर म्हणून उत्तरेला वळून निमू गावापाशी सिंधूला मिळतात. मधली वाट या नदीने डोंगर चिरून काढली आहे. उन्हाळ्यात या घळीच्या तळातून पायी जाताच येत नाही. पाणी फुगलेलं, राखाडी, कड्याला घासून वाहणारं, त्यातून फक्त राफ्ट जाते. चालणारे लामायुरूकडून सिंगे ला, हनुमा ला असल्या खिंडी ओलांडत वरून वळसा घालतात. घळीच्या तळातून चालायची मुभा नदी देते ती साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तीही हातचं राखून.

‘चादर’ या शब्दाने आपली मराठी माणसं फसतात असं मला नेहमी वाटतं. सोलापुरी चादरीसारखं काहीतरी एकसंध अंथरलेलं असेल, असं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ती ठिगळांची गोधडी असते. संथ पाण्यावर जाड थर, अरुंद खळाळावर नुसत्या दोन्ही काठांना चिकटलेल्या पट्ट्या आणि मधे उघडी धार. आभाळ मोकळं असलं की रात्री उष्णता निघून जाते आणि थर वाढतो. ढग आले की तेच ढग पांघरूण होतात, थर वाढायचा थांबतो. वरून हिम पडलं तर दिसायला सुंदर, पण ते हिमही दुलईचंच काम करतं, खालचा बर्फ जाड होऊ देत नाही, वर भेगा झाकतं ते वेगळंच. खालचं पाणी रात्रीतून चढतं-उतरतं. म्हणजे काल बॅच सुखरूप गेली, यावरून आजबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

हे ठाऊक असताना तुम्ही १९ फेब्रुवारी ही तारीख घोषित करता. माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही. चादरीचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो. एखाद्या वर्षी चांगला बर्फ असेलही. पण तारीख आधी ठरवायची, त्यावर शंभर विमानाची तिकिटं काढायची, टी-शर्टवर ती छापायची आणि मग बर्फाने ती पाळावी अशी अपेक्षा करायची, याला नियोजन म्हणत नाहीत. जयंती साजरी करायला आपल्याकडे साडेतीनशेच्या आसपास किल्ले आहेत. तिथे तारीख पाळता येते.

आणि हे फक्त त्या एका जाहिरातीपुरतं नाही. गेल्या वर्षी आमच्या बॅचला सोमो पालदारच्या मुक्कामापुढे तिसऱ्या सकाळी पोर्टरांच्या म्होरक्याने सांगितलं, थांबू या. आमच्या लीडरने मोबाइलमधलं वेळापत्रक उघडून दाखवलं. एक दिवस थांबलो तर परतीचं विमान जाईल. पाच मिनिटं बोलणं झालं. बोलणं कसलं, एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने ऐकलं. आम्ही निघालो. दोनशे पावलांवर म्होरका स्वतः कमरेपर्यंत पाण्यात गेला, कारण कच्च्या जागेवर पहिला पाय त्याचाच होता. त्याला ओढून बाहेर काढत असताना आमच्यातले दोघे रील काढत होते. त्याने गमबूट उलटे करून पाणी ओतलं, मोजे पिळले, तेच पुन्हा घातले. माझ्या सॅकमधली मोज्यांची जोडी मी दिली तेव्हा तो संकोचला. लीडर म्हणाला, “मॅडम, त्यांना सवय असते.”

ओल्या मोज्यांची सवय कुठल्याही पायाला नसते. हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

शंभर या आकड्याबद्दल. बर्फ तुटला की घळीत दोनच मार्ग उरतात: गार पाण्यातून चालायचं, नाहीतर कड्याला बिलगून, दोर लावून, वरच्या कपारीवरून पुढे उतरायचं. नवख्या माणसाला असा टप्पा पार करायला, दोर पकडायला, घाबरायला, समजूत काढायला धरून पाच मिनिटं लागतात. शंभर माणसांची पाचशे मिनिटं. म्हणजे आठ तास वीस मिनिटं, एका टप्प्याला. घळीत ऊन किती वेळ पोहोचतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पहिला माणूस पलीकडे गारठत बसणार आणि शेवटचा अंधारात दोराला लागणार. जानेवारी २०२० मध्ये घळीतल्या नेरक गावापाशी पाणी बर्फावर चढलं आणि शंभराहून जास्त ट्रेकर अडकले. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली म्हणून ती बातमी सुटकेची झाली. त्या वेळी ते वेगवेगळ्या गटांतले मिळून शंभर होते. तुम्ही एकाच गटात तेवढे नेताय. शिवाय घळीत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं आपल्या देशात बेकायदा आहे. निरोप जायचा तर माणूसच पळत जाणार. कोण पळणार, ते सांगायला नकोच.

माझा मावसभाऊ ॲरिझोनात असतो. युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर पारिया नावाच्या वाळवंटी नदीची अशीच अरुंद घळ आहे, साधारण साठ किलोमीटरची. तो तिथे चालून आला. रात्री मुक्काम करायचा तर दिवसाला फक्त वीस माणसांना परवाना, एका गटात जास्तीत जास्त दहा. पाठीवरचं ओझं आपलं आपण न्यायचं. आणि शौचही खास पिशवीत बांधून बाहेर आणायचं. तो हे सांगत होता तेव्हा घरची मंडळी हसली. मीही हसले, आणि नंतर रात्रभर नेरकच्या वाटेवरची वाळू आठवत राहिले.

कारण पाठीवरच्या ओझ्याचीच गोष्ट घ्या. सह्याद्रीत सॅक दुसऱ्याच्या खांद्यावर देणाऱ्याला आपण वर्षभर चिडवतो. तिथे गेलो की तेच ‘ऑफलोडिंग’ होतं, पैसे भरायचे आणि विसरायचं. लोकांनी सॅक देऊ नये असं मी म्हणत नाही. गुडघे माझेही गेलेत. पण मग त्याला बॅकपॅकिंग म्हणू नका, आणि ते ओझं किती किलोचं होतं ते मोजा. आमच्या बॅचमध्ये एका पोर्टरच्या घसरगाडीवर तीन ट्रेकरांच्या सॅक, एक तंबू आणि रॉकेलचा डबा होता. बर्फावर घसरगाडी सरकते, मान्य. बर्फ तुटला की तीच गाडी डोक्यावर घेऊन कपार चढावी लागते. वजन करा म्हटलं तर वजनकाटाच नव्हता. किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याला वीस किलोची मर्यादा आहे, तिथे दारातच वजन होतं. एक साधा स्प्रिंगचा काटा किती रुपयांना येतो ते भांडी बाजारात विचारा.

पोर्टर कुठे झोपतात ते किती ट्रेकरांनी पाहिलंय? मी पाहिलं, कारण रात्री मला एकाच्या बोटांना मलमपट्टी करायची होती. ताडपत्रीचा आडोसा, दोघांत एक स्लीपिंग बॅग. दिवसाची मजुरी किती मिळते, तो आकडा एकाने मला सांगितला. विश्वासाने सांगितला म्हणून इथे लिहीत नाही. तुम्ही आमच्याकडून घेतलेल्या रकमेशेजारी तो ठेवला असता तर तुम्हीच नजर वळवली असती. विमा? त्याला हा प्रश्नच नीट कळला नाही.

आता माझ्या धंद्याचं. लेहमध्ये तीन दिवस राहून वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय या ट्रेकला परवानगी मिळत नाही. चांगला नियम आहे. मुंबईहून माणूस समुद्रसपाटीवरून उठतो आणि सकाळच्या विमानाने ३,५०० मीटरवर उतरतो. शरीराला ते समजायलाच दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी माझ्या बोटावरच्या ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के दाखवला होता, आणि त्या उंचीवर ते घाबरण्यासारखं नाही. पण आमच्या लीडरने तपासणीच्या आदल्या रात्री सगळ्यांना जमवून काय शिकवलं? आत जाण्याआधी दोन मिनिटं जोरजोरात खोल श्वास घ्या, आकडा चढतो. डोकं दुखतंय असं म्हणू नका. खोकला आला तर बाहेर खोकून या. मुलं हसत होती, परीक्षेत कॉपी करायची युक्ती कळल्यासारखी.

तेवीस वर्षांचा एक मुलगा हसता हसता खोकत होता. घळीचा सगळा मार्ग लेहपेक्षा थोडा खालीच आहे, त्यामुळे ‘आता तर आपण उतरतोय’ असं सांगून तुम्ही लोकांना धीर देता. उंची उतरते, थंडी मात्र उणे वीस-पंचविसावर जाते, आणि छातीत आधीच काही शिजत असेल तर ते तिथे उतू जातं. दुसऱ्या रात्री दोन वाजता मला तंबूतून उठवलं. मुलाचे ओठ निळे, श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात, ऑक्सिमीटर ६४. मी ऑक्सिजन मागितला. सिलिंडर होता. भरलेला होता. त्यावर बसणारा, ऑक्सिजन बाहेर सोडणारा रेग्युलेटर नव्हता, तो लेहच्या हॉटेलात राहिला होता.

मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. तिथे असं घडलं तर माणसं नोकरी गमावतात. त्या वाळूवर मी हातात तो सिलिंडर धरून उभी होते आणि मला काय बोलावं सुचेना. पलीकडच्या वळणावर दुसऱ्या एका गटाचा मुक्काम होता, केरळची मंडळी. आमचा एक पोर्टर अंधारात टॉर्च घेऊन तिकडे पळाला आणि त्यांचा रेग्युलेटर घेऊन आला. पहाटे चार पोर्टरांनी त्या मुलाला घसरगाडीवर बांधून रस्त्यापर्यंत ओढत नेलं. चार तास. मुलगा वाचला, आज धडधाकट आहे. परत आल्यावर तुमच्या कार्यक्रमात त्याला व्यासपीठावर बोलावून ‘जिद्दी ट्रेकर’ म्हणून शाल दिली. त्या चौघांना त्या रात्रीचे वेगळे पैसे मिळाले का, असं मी टाळ्या संपल्यावर विचारलं. उत्तर अजून यायचंय.

घाणीबद्दल लिहिताना माझे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. २००९ मध्ये मीही खडकाआड गेले होते आणि आम्हीही पुराने आणून टाकलेल्या लाकडांची शेकोटी केली होती. तेव्हा आठवड्याभरात भेटलेले ट्रेकर मी बोटांवर मोजले होते. आता एका मुक्कामाच्या वाळूवर पाच-सहा गटांचे तंबू असतात. टॉयलेट टेंटमध्ये खड्डा असतो म्हणता, पण गोठलेल्या वाळूत तो वीतभरही खणला जात नाही. थंडीत काही कुजत नाही, नुसतं गोठतं. मे-जूनमध्ये वरचं हिम वितळलं की नदी चढते आणि आपण जिथे तंबू ठोकले होते तो अख्खा काठ पाण्याखाली जातो. पुढे निमूला सिंधू, मग आळचीजवळ निमू-बाझगो प्रकल्पाचं धरण आणि त्याच्याही खाली गावं. ती गावं आपल्याला ट्रेकच्या नकाशात दिसत नाहीत, एवढंच.

आणि कॅम्पफायर! वाळवंटात लाकूड येतं कुठून? काठावरची वाहून आलेली काटकी, आणि ती संपली की शुक्पा, म्हणजे तिथलं जुनिपर. ते इतकं सावकाश वाढतं की एक हातभर फांदी आपल्या वयाची असू शकते. लडाखी लोक ते देवापुढे धूप म्हणून चिमूटभर जाळतात. शिवजयंतीच्या नावाने तुम्ही शेकोट्या पेटवणार आहात म्हणून आठवण करून देते. चिपळूणजवळ तळ दिलेल्या लष्कराला महाराजांनी लिहिलेलं पत्र आपण शाळेपासून ऐकत आलोय. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच उधळाल तर पुढे मिळणार नाही, मग रयतेच्या घरात हात घालाल. रात्री दिवे तसेच ठेवाल तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजी जळतील. लष्कराचा तळ पडला असताना उंदराचासुद्धा विचार करणाऱ्या राजाची जयंती आहे ही. स्पीकरबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. घळीच्या एका बाजूला हेमिस राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिमबिबट्यांच्या जोडीचा काळ नेमका याच महिन्यांत असतो, इतकं पुरे.

तुमच्या पत्रकातलं आणखी एक वाक्य मला खुपतं: ‘झांस्करच्या लोकांचा शेकडो वर्षांचा एकमेव हिवाळी मार्ग’. होता. पेन्सी ला ही खिंड हिमाने बंद झाली की झांस्करला बाहेर पडायला ही नदीच होती. पण मार्च २०२४ मध्ये निमू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला आणि त्याचा निमूकडचा भाग याच घळीतून कोरलेला आहे. सुरुंगाचा राडारोडा नदीत पडला, काठ बदलले, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि वाईट वाटलं. तरी रस्ता नको होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. अडलेली बाई बर्फावरून उचलून न्यावी लागायची, त्या लोकांना मी नाशिकच्या हॉस्पिटलात बसून काय सांगणार? आमच्या बॅचमध्ये मात्र वर जीपचा हॉर्न वाजला की लोकांचा मूड जायचा. ‘फ्रेममध्ये रस्ता येतोय’ अशी तक्रार होती. वर रस्त्यावर झारखंडची पोरं त्या थंडीत दगड फोडत होती, तीही फ्रेममध्ये नको होती.

म्हणजे आता त्या बर्फावरून गरजेपोटी चालणारे कमी होत चाललेत आणि हौसेने चालणारे आपण वाढत चाललोय. बर्फ वाचणारी काठी ज्यांच्या हातात होती, त्यांची पुढची पिढी गाडीने लेहला जाते, आणि जायलाच हवी. ते ज्ञान अजून आठ-दहा वर्षं जे म्होरके जिवंत ठेवतील, त्यांना तुम्ही परतीच्या विमानाचं वेळापत्रक दाखवता.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. ‘आम्ही स्थानिक एजन्सीला काम देतो, पोर्टर त्यांचे.’ पैसे आमच्याकडून तुम्ही घेतलेत, लीडर तुमचा होता, टी-शर्टवर नाव तुमचं होतं. ‘लोकांना रोजगार मिळतो.’ मिळतो, आणि म्हणूनच बंद करा असं मी म्हणत नाहीये. ‘लोकच अशी मागणी करतात.’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यासाठी हे पत्र तुम्हाला खाजगी न पाठवता सगळ्यांपुढे लिहितेय. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, ते राज्यातल्या उपक्रमांसाठी. विमान सुटलं की तुम्हाला विचारणारं इथलं कुणी उरत नाही. सांदण दरीत शनिवारी रात्री काय गर्दी होते आणि रविवारी सकाळी काय मागे उरतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे निदान साम्रदचं गाव हाकेवर आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शिवजयंतीची ती शंभरची बॅच रद्द करा आणि पैसे पूर्ण परत द्या. इतरांनीही एका गटात बारापेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत.

वेळापत्रकात दोन राखीव दिवस ठेवा आणि ते बुकिंगच्या वेळीच, ठळक अक्षरांत सांगा. पुढे जायचं की नाही, हा शेवटचा शब्द पोर्टरांच्या म्होरक्याचा. लीडरचा नाही, माझ्यासारख्या डॉक्टरचाही नाही. तो ‘आज नहीं’ म्हणाला आणि ट्रेक अर्ध्यावरून फिरला, तर त्याची मजुरी पूर्ण दिवसांची.

पोर्टरमागे ओझं वीस किलो, काट्यावर मोजून. प्रत्येकाचा विमा, प्रत्येकाला स्वतंत्र स्लीपिंग बॅग, दोन जोड कोरडे मोजे आणि पायात बसणारे बूट. त्यांना दिलेली दिवसाची मजुरी तुमच्या पत्रकात छापा, आमच्या शुल्काच्या शेजारी.

शौच पिशवीत बांधून परत आणण्याची व्यवस्था, आधी तुमच्या लीडरांपासून. कॅम्पफायर आणि स्पीकर हे शब्द पत्रकातून काढा.

तपासणीत आकडा चढवायच्या युक्त्या शिकवणारा लीडर त्याच दिवशी घरी.

आणि पैसे भरणाऱ्या ट्रेकर मंडळींनो, तुम्ही बुकिंग करण्याआधी यातले तीन तरी प्रश्न फोनवर विचारा. पलीकडून ‘काळजी करू नका, सगळी सोय आहे’ एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर नाही.

माझ्याकडून एवढं करते. डिसेंबरच्या चारही रविवारी सकाळी दहा ते एक मी नाशिकला मोकळी आहे. ज्या आयोजकांना आपली औषधाची पेटी, ऑक्सिजनचं साहित्य तपासून घ्यायचंय आणि लीडरना दोन तास शिकवून घ्यायचेत, त्यांनी यावं. पैसे नकोत, चहा माझा. फक्त येताना सिलिंडरबरोबर त्याचा रेग्युलेटरही आणा, तिथल्या तिथे जोडून बघू.

कळावे,

झांस्करच्या बर्फावर दोनदा चाललेली एक भूलतज्ज्ञ
नाशिक